विश्लेषण : नदीचे पाणी घ्यायला सरकारी परवाना का लागू लागला? एल्वूड मीड यांनी काय बदलले?

अमेरिकेतील हूवर धरणाच्या जलाशयाला ‘लेक मीड’ म्हणतात. हे नाव एल्वूड मीड या अभियंत्याचे आहे. नदीतून नव्याने पाणी घेण्याआधी सरकारचा परवाना हवा, ही पद्धत त्यांनी वायोमिंग राज्यात रुजवली.

मीड कोण होते?

मीड यांचा जन्म १८५८ मध्ये इंडियाना राज्यातला. पर्ड्यू विद्यापीठातून १८८२ मध्ये पदवी घेतल्यावर ते कोलोरॅडोत गेले. तेथे त्यांनी अध्यापन केले, राज्य अभियंत्याच्या कार्यालयातही काम केले.

आधी काय होते?

पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात जो आधी पाणी उचलेल, त्याचा हक्क पहिला. नदीकाठी नोटीस लावली किंवा कार्यालयात दावा नोंदवला की काम झाले. नदीत पाणी किती, पाटातून वाहणार किती, हे मोजायची सक्ती नव्हती. त्यामुळे अनेक नद्यांवर कागदावरचे हक्क प्रत्यक्ष पाण्याहून जास्त झाले. दुष्काळात भांडणे कोर्टात जात.

वायोमिंगमध्ये काय बदलले?

१८८८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, मीड वायोमिंगचे अभियंता झाले. १८९० मध्ये वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळाला. राज्यघटनेतील पाण्याच्या तरतुदींमागे मीड यांचाच विचार होता. नद्या-ओढ्यांचे पाणी राज्याच्या मालकीचे ठरले.

नव्या पाटासाठी राज्य अभियंत्याकडे अर्ज बंधनकारक झाला. पाणी शिल्लक नसेल किंवा लोकहिताला बाधा येत असेल, तर अर्ज नामंजूर होई. परवाना मिळाला म्हणजे हक्क मिळाला, असेही नव्हते. जमीन खरोखर भिजली, याची खात्री झाल्यावरच हक्क पक्का होई. ७० एकरांसाठी सेकंदाला एक घनफूट, ही मर्यादाही ठरली. ‘आधी येईल त्याचा हक्क आधी’ हे तत्त्व मात्र कायम राहिले.

पुढे पश्चिमेतील बहुतेक राज्यांनी परवाना पद्धत स्वीकारली.

नंतरचा प्रवास

१९०१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ट्रामच्या अपघातात मीड यांनी उजवा हात गमावला, पण काम थांबले नाही. १९०७ पासून ते ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या नद्या व पाणीपुरवठा आयोगाचे अध्यक्ष होते. १९२४ मध्ये ते अमेरिकी सरकारच्या सिंचन खात्याचे, म्हणजे ‘ब्युरो ऑफ रिक्लमेशन’चे आयुक्त झाले. हूवर धरण त्यांच्याच काळात उभे राहिले. जानेवारी १९३६ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि जलाशयाला त्यांचे नाव मिळाले.

आज महत्त्व काय?

कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांत वाटणारा करार १९२२ चा. वरच्या व खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी ठरले. तो अंदाज भरपूर पाण्याच्या वर्षांवर बेतलेला होता. नदीत तेवढे पाणी टिकले नाही. २०२२ मध्ये लेक मीडची पातळी १९३७ नंतरच्या नीचांकावर गेली. आधी पाणी मोजा, मग हक्क द्या, असे सांगणाऱ्या अभियंत्याच्या नावाचा जलाशय आज जास्तीच्या वाटपाचा ताण सोसतो आहे.