ताकात्सुकीचा किल्लेदार

जपानांत ओसाका व क्योतो ह्या शहरांच्या दरम्यान ताकात्सुकी नांवाचें नगर आहे. तेथील किल्ला आज उभा नाहीं. १८७४ सालीं त्याचे दगड काढून लोहमार्गाच्या कामीं लाविले. नागाई घराण्यानें ह्या किल्ल्यावर दोनशेंहून अधिक वर्षें अंमल केला. परंतु आम्ही चरित्र देतों तें त्यापूर्वींच्या ताकायामा उकोन ह्या सरदाराचें.

उकोनाचा जन्म १५५२ च्या सुमारास झाला. बाराएक वर्षांचा असतां, पित्याच्या पाठोपाठ, त्यानें बाप्तिस्मा घेतला. १५७३ सालीं किल्ला ह्या पितापुत्रांच्या हातीं आला. तो तरवारीच्या बळानेंच आला, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. त्या झटापटींत उकोनाच्या मानेस जबर जखम झाली. मात्र पुढें हेच पितापुत्र गोरगरिबांच्या शवपेट्यांस स्वतः खांदा देत. तें काम तेथें अत्यंत हीन मानिलें जात असे.

१५७८ सालीं उकोनाचा धनी अराकी मुराशिगे ह्यानें ओदा नोबुनागाविरुद्ध बंड केलें. उकोनाची बहीण व मुलगा अराकीपाशीं ओलीस होतीं. नोबुनागानें किल्ला मागितला, आणि न दिल्यास पाद्र्यांचा संहार करण्याची धमकी दिली. किल्ला द्यावा तर ओलिसांचे प्राण जाणार, न द्यावा तर गुरुजनांचे! उकोनानें केस कापिले, किल्ल्याचा अधिकार सोडिला व कागदी वस्त्र नेसून तो एकटा नोबुनागाकडे गेला. जो किल्लेदारच उरला नाहीं, त्यानें किल्ला शत्रूस दिला असें कोण म्हणणार? पिता मात्र अराकीच्या गोटांत गेला. ओलीस वांचले, त्यांत दैवाचाही भाग होता असें आम्हांस वाटतें, कारण पुढल्याच वर्षीं अराकीचें स्वतःचें कुटुंब निर्दयपणें मारलें गेलें. नोबुनागानें उकोनास किल्ला परत दिला.

१५८५ सालीं हिदेयोशीनें त्यास आकाशी येथें मोठी जहागीर दिली आणि दोनच वर्षांनीं धर्म सोडण्याची आज्ञा केली. उकोनानें जहागीर सोडिली. कानाझावाच्या माएदा सरदारांनीं त्यास आश्रय दिला. सेन नो रिक्यू ह्या थोर चहाचार्याच्या प्रमुख शिष्यांत त्याची गणना होई.

१६१४ सालीं तोकुगावा इएयासूनें ख्रिस्ती लोकांस हद्दपार केलें. उकोन सहकुटुंब नागासाकीहून मानिलास गेला. तेथें त्याचा मोठा सन्मान झाला, पण तापानें १६१५ च्या फेब्रुवारींत त्याचा अंत झाला.

१९९८ सालीं ताकात्सुकीच्या किल्ल्याच्या जागीं उत्खनन होतां ख्रिस्ती दफनभूमि आढळली. लांकडी शवपेट्यांपैकीं एकीवर क्रूसाचें चिन्ह अद्याप दिसत होतें. तिला खांदा कोणीं दिला होता, हें त्या लांकडावर लिहिलेलें नाहीं.