बटाट्यातला श्वास

१९३३ साली पदवीधर कमला भागवतांना बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत नोबेलविजेत्या सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या बाई होत्या. दुर्गाबाईंची ही बहीण मागे हटली नाही. अखेर वर्षभर पारखण्याच्या अटीवर दार किलकिलं झालं. अट अपमानाचीच, पण त्यांनी ती पाळली. पुढच्या मुलींसाठी मग दार उघडलं. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडलं. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या चुलीत, हे प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं आणि पेशी श्वास घेते. १९३९ च्या पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम ४० पानांचा! आपल्याकडे प्रबंध वजनावर तोलतात. सोहोनी झाल्यावर कमलाबाईंनी मुंबईत नीरेचं पोषणमूल्य तपासलं. संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र तिथंही त्यांना ताटकळावं लागलं.