रेंज फुल, तरी व्हिडिओ फिरतच का राहतो? गर्दीचे गणित मांडणाऱ्या एर्लांग यांची गोष्ट

रात्रीचे साडेआठ. पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या एखाद्या गावात मोबाइलवर रेंज फुल दिसते, पण व्हिडिओचे चक्र फिरतच राहते. पहाटे पाचला तोच फोन, तोच टॉवर आणि तोच रिचार्ज असतो, पण व्हिडिओ लगेच सुरू होतो. बहुतेक वेळा कुठलाही बिघाड झालेला नसतो. एकाच टॉवरवर एकाच वेळी खूप जण आलेले असतात, एवढेच.

ही गर्दी मोजायची कशी आणि तिच्यासाठी किती वाटा मोकळ्या ठेवायच्या, याचे पक्के गणित शंभर वर्षांपूर्वी एका डॅनिश गणितज्ञाने मांडले. त्यांचे नाव अग्नर क्रारुप एर्लांग. दूरसंचार क्षेत्रात आजही गर्दी ज्या एककात मोजतात, त्याचे नाव 'एर्लांग' आहे. कोण होते हे गृहस्थ? समजून घेऊया.

गावच्या मास्तरांचा मुलगा

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागातील लॉनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. मोठा भाऊ पुस्तक वाचत बसला की लहानगा अग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. त्यांचा सर्वात आवडता विषय होता खगोलशास्त्र.

वयाच्या १४ व्या वर्षी त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी असल्याने त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. ते विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाले, पण लगेच पुढे गेले नाहीत. गावी परतून दोन वर्षे त्यांनी वडिलांच्याच शाळेत शिकवले. १८९६ मध्ये विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळाली. १९०१ मध्ये गणितातील पदवी घेतल्यानंतर सुमारे सात वर्षे ते वेगवेगळ्या शाळांत शिकवत होते.

शाळेतून टेलिफोन कंपनीत

डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांना एर्लांग जात असत. तिथे त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. गणिताच्या विद्यार्थ्यांना 'जेन्सन असमानता' माहीत असेल, तेच हे येन्सन. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते आणि गणित हा त्यांचा छंद होता. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग या कंपनीत दाखल झाले.

त्या काळी फोन लावला की एक्स्चेंजमधील ऑपरेटर हाताने दोन तारा जोडून द्यायची. तारा आणि ऑपरेटर मोजकेच असत. कमी ठेवले तर ग्राहक ताटकळत आणि जास्त ठेवले तर कंपनीचा खर्च वाढे. नेमके किती हवेत, हाच कंपनीपुढचा प्रश्न होता.

एर्लांग केवळ टेबलावर बसून गणित करणारे नव्हते. जमिनीखालच्या केबलमधील भरकटलेल्या विजेचा त्रास शोधायचे कामही त्यांच्याकडे होते. सुरुवातीला हाताखाली माणसे नव्हती, म्हणून मोजमाप ते स्वतःच करत. कोपनहेगनच्या रस्त्यावर एर्लांग पुढे आणि शिडी घेतलेला कामगार मागे, असे दृश्य दिसायचे. मॅनहोलचे झाकण उघडून ते स्वतः खाली उतरायचे.

१९०९ आणि १९१७: दोन महत्त्वाचे निबंध

कोण कधी फोन करेल, हे आधी सांगता येत नाही. पण हजारो लोक एकमेकांशी न ठरवता फोन करतात, तेव्हा त्या गोंधळालाही नियम लागू होतो. दिलेल्या वेळेत किती कॉल येण्याची शक्यता आहे, हे 'पॉयसाँ वितरण' या संभाव्यतेच्या नियमाने काढता येते, हे एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ च्या निबंधात त्यांनी दोन प्रश्नांची सूत्रे दिली. सर्व वाहिन्या व्यग्र असल्याने किती कॉल परत जातील? आणि रांगेत थांबवले, तर किती थांबावे लागेल? ब्रिटनच्या टपाल खात्यानेही त्यांचे सूत्र वापरात आणले.

उदाहरणाने पाहू

समजा, एका गावातून गर्दीच्या तासात ३० कॉल होतात आणि प्रत्येक सरासरी ४ मिनिटे चालतो. एकूण १२० मिनिटे बोलणे झाले. एक वाहिनी तासभर भरलेली असणे म्हणजे १ एर्लांग. म्हणून ही गर्दी झाली २ एर्लांग.

मग दोन वाहिन्या पुरतील का? नाही. कॉल रांगेने, ठरवून येत नाहीत. एर्लांग यांच्या सूत्रानुसार दोन वाहिन्यांवर १०० पैकी ४० कॉल लागणारच नाहीत. पाच वाहिन्या दिल्या तर सुमारे ४ कॉल वाया जातील आणि सहा दिल्या तर जेमतेम १.

आता दहापट मोठे गाव घेऊ. गर्दी २० एर्लांग. तिथे साठ वाहिन्या लागतील असे वाटते, पण ३० वाहिन्यांतच १०० पैकी एकापेक्षा कमी कॉल अडतात. म्हणजे शहरात गर्दीच्या दीडपट वाहिन्या पुरतात, तर छोट्या गावात तिप्पट लागतात. लोक कमी म्हणून क्षमताही त्याच प्रमाणात कमी दिली, तर गावाला शहराइतकी सेवा मिळणार नाही, हे या सूत्रातून थेट दिसते.

इंटरनेटला हे कसे लागू होते?

इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांच्या रूपात धावते. वाट भरली की पाकिटे राउटरमध्ये रांग लावतात. रांगेची जागाही संपली की नवी पाकिटे टाकून दिली जातात. एकाच वाहिनीचे साधे गणित असे: वाट ५० टक्के भरलेली असेल तर पाकिटाला मोकळ्या वाटेच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांवर दहापट आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणूनच नेट हळूहळू नव्हे, तर एकदम मंदावल्यासारखे वाटते.

अशा वेळी कंपन्या प्राधान्यक्रम लावतात. एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी छोट्या स्टेशनवर पॅसेंजर थांबवून ठेवतात, तसेच हे. पाकिटावर तिचा वर्ग सांगणारी खूण असते आणि त्यासाठी ६४ वेगवेगळ्या खुणा शक्य आहेत. आवाजाच्या पाकिटांना उशीर चालत नाही, म्हणून ४जी वरील साध्या कॉलला व्हिडिओपेक्षा वरचा क्रम मिळतो. ट्रंक कॉलच्या जमान्यातही जादा पैसे भरून 'अर्जंट' किंवा 'लाइटनिंग' कॉल लावता यायचा, हे जुन्या लोकांना आठवत असेल.

पण प्राधान्य दिल्याने वाट रुंद होत नाही. एकाची प्रतीक्षा कमी झाली की दुसऱ्याची वाढते. म्हणून प्राधान्य कोणाला द्यायचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. भारतात 'ट्राय'ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी वेबसाइट किंवा ॲपनुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व स्वीकारले. गर्दी हाताळण्यासाठी वाजवी उपाय करता येतात, पण मर्जीने एखादे ॲप अडवता किंवा मंद करता येत नाही.

शेवट आणि वारसा

एर्लांग यांनी लग्न केले नाही. काम, ग्रंथसंग्रह आणि गरजूंना गाजावाजा न करता मदत, असे त्यांचे आयुष्य होते. जवळपास २० वर्षांच्या नोकरीत आजारपणामुळे रजा घेण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात दाखल झाले आणि ३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय अवघे ५१.

१९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचे नाव देण्यात आले. १९८६ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 'एर्लांग' नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम सुरू झाले. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले.

त्यामुळे पुढच्या वेळी रात्री नेट अडकले आणि तक्रार करायची असेल, तर फक्त 'स्लो आहे' एवढेच सांगू नका. किती वाजता अडकते, किती वेळ अडकते आणि पहाटे वेग किती मिळतो, याची आठवडाभर नोंद ठेवा. वाट किती रुंद हवी हे ठरवण्यासाठी एर्लांग यांनीही आधी गर्दीच मोजली होती.