लाओ शे : दारिद्र्याचा आतून मांडलेला हिशेब

आधुनिक चिनी कथेचा विचार लू श्युन यांच्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. १९१८ मध्ये त्यांची ‘एका वेड्याची रोजनिशी’ प्रसिद्ध झाली आणि बोलभाषेतील कथेला चीनमध्ये वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली. तथापि लू श्युन यांच्या ‘माझे गाव’ (१९२१) किंवा ‘नववर्षाचा नैवेद्य’ (१९२४) या कथांत दारिद्र्याकडे पाहणारी दृष्टी शिकून बाहेर पडलेल्या आणि काही दिवसांपुरत्या गावी आलेल्या माणसाची आहे. तो व्यथित होतो, स्वतःला अपराधी मानतो आणि पुन्हा निघून जातो. ज्याच्यापाशी निघून जाण्याची सोय नाही, असा माणूस स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या देण्याघेण्याच्या भाषेत आपली हकिकत सांगतो आहे, हा अनुभव प्रामुख्याने लाओ शे यांच्या १९३३ ते १९३७ या काळातील कथा देतात. हे त्यांना कसे साधले, याचा उलगडा त्यांच्या चरित्राकडे वळल्याखेरीज होत नाही.

लाओ शे यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८९९ रोजी बीजिंग येथे एका मांचू कुटुंबात झाला. चांद्र पंचांगाप्रमाणे तो बाराव्या महिन्याचा तेविसावा दिवस होता. चुलीचा देव घरोघरचा वृत्तान्त सांगण्यासाठी स्वर्गात जातो अशी ज्या दिवसाविषयी समजूत आहे, तो हा दिवस. दुसऱ्या दिवशी वसंतारंभ असल्याने मुलाचे नाव छिंगछुन, म्हणजे वसंताचे स्वागत करणारा, असे ठेवण्यात आले. कुलनाम शू. आई त्या वेळी एक्केचाळीस वर्षांची होती. प्रसूतीनंतर ती बराच वेळ बेशुद्ध होती आणि त्या थंडीत थोरल्या विवाहित बहिणीने अर्भकाला छातीशी धरले म्हणून ते वाचले.

वडील ‘लाल ध्वजा’च्या पलटणीत शिपाई होते. १९०० साली आठ राष्ट्रांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, तेव्हा जवळच्या दारूगोळ्याने पेट घेतल्यामुळे ते भाजले आणि एका धान्याच्या दुकानात त्यांचा अंत झाला. नंतर परकी सैनिक घरोघर लूट करीत हिंडले. शू यांच्या घरातील पेटारा त्यांनी उपडा केला आणि झोपलेले मूल त्याखाली झाकले गेले. ते जागे झाले असते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. लाओ शे यांना वडील आठवत नव्हते. त्यांच्या साहित्यातही वडिलांच्या जागी बहुधा पोकळीच आढळते. ‘चंद्रकोर’मधील मुलीची हकिकत वडिलांच्या मृत्यूपासूनच सुरू होते.

आईने मुलांना दुसऱ्यांचे कपडे धुऊन आणि शिवून वाढवले. दुकानांतील नोकर आपले मोजे तिच्याकडे टाकीत. घाम आणि मळाने ते चामड्यासारखे कडक झालेले असत. तिचे हात वर्षभर लाल आणि सुजलेले असत. हा तपशील मुद्दाम नोंदवण्याचे कारण असे की, ‘चंद्रकोर’मधील आईदेखील हेच मोजे धुते आणि धुऊन झाल्यावर तिला अन्न गोड लागत नाही. पस्तीस वर्षांच्या लेखकाने लहानपणचा तो वास आपल्या नायिकेच्या आठवणीत जसाच्या तसा नेऊन ठेवला. ज्या समीक्षकांना या कथेत केवळ समाजव्यवस्थेवरील आरोपपत्र दिसते, त्यांनी या मोज्यांपाशी थोडे थांबायला हवे, असे वाटते.

शाळेत जाणे घरच्या परिस्थितीत शक्य नव्हते. लिऊ नावाच्या एका सधन परिचिताने मुलाला स्वतः नेऊन शाळेत बसवले आणि खर्च सोसला. हे गृहस्थ आपली सारी संपत्ती दानधर्मात घालवून पुढे बौद्ध भिक्षू झाले. १९१३ मध्ये लाओ शे यांनी बीजिंगच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळवला, कारण तेथे जेवण, कपडे, पुस्तके आणि राहण्याची सोय विनामूल्य होती. मात्र प्रवेशासमयी दहा युआन अनामत भरावी लागे. ती जमवण्यास आईला पंधरा दिवस लागले. १९१८ मध्ये ते पदवीधर झाले आणि एकोणिसाव्या वर्षी एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढे शिक्षण खात्यात त्यांना बढती मिळाली. परंतु तेथील कारभार न मानवल्याने १९२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कमी पगारावर पुन्हा शिक्षकी पत्करली. याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१९२४ ते १९२९ ही पाच वर्षे ते लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत चिनी भाषेचे अध्यापक होते. इंग्रजी सुधारण्यासाठी कादंबऱ्या वाचता वाचता, विशेषतः डिकन्सच्या वाचनातून, त्यांनी स्वतः लिहिण्यास सुरुवात केली. तेथे लिहिलेल्या तीनही कादंबऱ्या शांघायच्या एका मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाल्या. ‘लाओ शे’ हे नावही याच काळातले. आपल्या कुलनामाचे अक्षर फोडून त्याचे दोन भाग स्वतंत्र अक्षरे म्हणून वाचले, तर स्वतःचा त्याग असा अर्थ निघतो. त्यांतील पहिल्या अक्षराला त्यांनी वडीलधाऱ्यांसाठी वापरले जाणारे ‘लाओ’ हे संबोधन जोडले. या कादंबऱ्यांनी त्यांना विनोदी लेखक म्हणून लौकिक मिळवून दिला आणि तो लौकिक पुढे दीर्घकाळ त्यांच्या पाठीशी राहिला, काहीसा अडचणीचाही ठरला.

सिंगापूरमधील काही महिन्यांच्या शिक्षकीनंतर १९३० मध्ये ते चिनान येथील छीलू विद्यापीठात रुजू झाले. १९२८ साली जपानी सैन्याने त्या शहरात केलेल्या हत्याकांडाच्या आठवणी लोकांच्या मनात ताज्या होत्या. त्यांवर आधारलेली ‘दामिंग सरोवर’ ही कादंबरी त्यांनी १९३१ मध्ये पूर्ण करून शांघायला पाठवली. जानेवारी १९३२ अखेरीस जपानी विमानांनी शांघायवर बाँब टाकले, प्रकाशनसंस्थेची इमारत जळाली आणि तिच्याबरोबर कादंबरीचे एकमेव हस्तलिखितही. ती पुन्हा लिहिण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्या कादंबरीतील एका आई आणि मुलीची कहाणी तेवढी मनातून जाईना. तीच १९३५ मध्ये ‘चंद्रकोर’ या दीर्घकथेच्या रूपाने पुन्हा लिहिली गेली. जळालेल्या विस्तृत पटातून एकच धागा उरला आणि तो एकटा उरल्यामुळेच त्याला ही घट्ट वीण लाभली, असे लाओ शे यांनाही वाटत असे.

लघुकथेला आरंभी ते फारसे महत्त्व देत नसत. कादंबरी लिहिणाऱ्याने संपादकांच्या तगाद्यापायी हातावेगळे करावयाचे काम, इतकीच त्यांची तिच्याविषयी भावना होती. १९३४, १९३५ आणि १९३६ मध्ये एकेक संग्रह प्रसिद्ध झाला आणि या तीन संग्रहांच्या दरम्यान ही भावना बदलत गेलेली दिसते. सर्वच कथा चांगल्या नाहीत. काही तर निव्वळ विनोदासाठी लिहिलेल्या आणि आज वाचवत नाहीत अशा आहेत. परंतु ज्या कथांत निवेदक स्वतः दरिद्री आहे, तेथे लेखकाचा विनोद ओळखू न येण्याइतका बदलतो. तो चेष्टा राहत नाही; उपाशी माणूस स्वतःची अब्रू राखण्यासाठी जी भाषा वापरतो, ती भाषा होतो.

‘लिऊ कुटुंबाचे आवार’ ही १९३३ मधील कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बीजिंगमध्ये एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे दाटीवाटीने राहत असलेली आवारे असत. आपल्याकडील चाळीच्या खोल्यांवरून त्यांची थोडीफार कल्पना यावी. निवेदक रस्त्यावर बसून भविष्य सांगणारा एक म्हातारा आहे. शेजारच्या वांग कुटुंबाने रोख रक्कम मोजून सून आणली आहे. ती रक्कम वसूल झालीच पाहिजे, म्हणून सासरा, नवरा आणि नणंद तिला मारतात, राबवतात आणि अखेर ती गळफास घेते. मग तिच्या बापाला गप्प करण्याचा खर्च, अंत्यविधीचा खर्च आणि नवी सून आणण्याचा खर्च उभा राहतो. तो भागवण्यासाठी आता घरातल्या मुलीची किंमत करायची आहे. कथेत दुष्ट श्रीमंत कोणी नाही. सासरा परकीयांच्या बागेतील गवत कापून जगणारा गरीब माणूस आहे आणि चार पैसे मिळवणाऱ्या घरात शिस्त असली पाहिजे, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. निवेदकाला हे दिसते, वाईटही वाटते. पण तो मध्ये पडत नाही, कारण शेजाऱ्याशी वैर त्याला परवडणारे नाही. दारिद्र्याने माणूस चांगला होतो असा भाबडा विश्वास त्या काळच्या बऱ्याच लेखनात होता. लाओ शे यांच्या लेखनात तो आढळत नाही. आवारात वाढलेल्या माणसाने तो बाळगणे कठीणच होते.

‘चंद्रकोर’मध्ये हा हिशेब एका मुलीच्या तोंडी येतो. सात-आठ वर्षांची असताना ती आरसा गहाण ठेवायला जाते आणि गहाणाचे दुकान बंद होताना पाहते, मग आईची चांदीची केसातली काडी जाते, मग मोजे, मग आईचे दुसरे लग्न, आणि शेवटी आई ज्या मार्गाने गेली तोच मार्ग. प्रत्येक टप्प्यावर मुलगी नकार देते आणि प्रत्येक नकाराला किती दिवस पुरतील इतके पैसे आपल्यापाशी आहेत, हे मोजते. नीती किती दिवस परवडते, हाच कथेतील खरा प्रश्न आहे. सुधारणेच्या मोहिमेत पकडली जाऊन ती तुरुंगात पोहोचते, तेव्हा बाहेरच्या जगापेक्षा तुरुंग बरा असे तिला वाटते. ही कडवट थट्टा नाही. तिचा तो साधा हिशेब आहे.

‘माझे हे आयुष्य’ ही दीर्घकथा १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. अंत्यविधीत जाळण्याच्या कागदी वस्तू बनवणारा एक कारागीर पत्नी सोडून गेल्यावर पोलीस शिपाई होतो, बंडखोर सैनिकांनी शहर लुटताना हात बांधल्यासारखा उभा राहतो, मुलालाही त्याच नोकरीत लावतो आणि म्हातारपणी पुन्हा उपाशी राहतो. गणवेश घातलेला माणूसही भिकाऱ्याच्या किती जवळ असू शकतो, हे येथे त्याच्याच गप्पिष्ट वाणीतून कळते. १९५० मध्ये या कथेवर चित्रपटही निघाला.

दरम्यान १९३४ ते १९३६ ही वर्षे ते छिंगदाओच्या विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९३६ मध्ये ती नोकरी सोडून केवळ लेखनावर जगण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि त्या निर्णयाचे पहिले फळ म्हणजे रिक्षा ओढणाऱ्या श्यांगझीची कादंबरी. ती १९३६-३७ मध्ये एका नियतकालिकातून क्रमशः आली. स्वतःची रिक्षा घेऊन ती पुन्हा पुन्हा गमावणाऱ्या एका रिक्षावाल्याची हकिकत मित्राकडून ऐकण्यात आली होती, तेवढे बीज. मूळ कादंबरीत श्यांगझी शेवटी भाड्याने मिरवणुकांत चालणारा, पैशांसाठी दुसऱ्याला विकणारा, उद्ध्वस्त माणूस होतो. १९४५ साली अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र भाषांतरकाराने नायक-नायिकेची भेट घडवून शेवट गोड केला. पुस्तक अतोनात खपले. लाओ शे नाराज झाले. इंग्रजीच्या वाटेने या लेखकाकडे जाणाऱ्या मराठी अभ्यासकाने हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्या भाषांतरावरून लेखकाच्या जीवनदृष्टीविषयी काढलेले निष्कर्ष उलटे निघतील.

खेदाची गोष्ट अशी की, पुढे खुद्द लेखकानेच त्या शेवटाला हात लावला. १९५५ च्या आवृत्तीतून अखेरचे दीड प्रकरण वगळले गेले, आणि श्रमिकांना आपण मार्ग दाखवला नाही याची शरम वाटते, अशा आशयाचे निवेदन त्यांनी आवृत्तीला जोडले. या शरमेत किती भाग श्रद्धेचा आणि किती दडपणाचा, हे आज वेगळे करता येणार नाही. झोपडपट्टीतील गटार नव्या सरकारने बुजवलेले त्यांनी पाहिले होते आणि त्यावर १९५० मध्ये मनापासून नाटक लिहिले होते. ज्याची आई मोजे धुऊन खंगली त्याला ते गटार बुजल्याचा आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु ‘चंद्रकोर’च्या मुलीला किंवा श्यांगझीला मार्ग दिसत नाही, हा लेखकाच्या विचारांचा तोकडेपणा नव्हे. जे त्यांच्या पात्रांना दिसू शकत नव्हते, ते पदरचे घालून दाखवण्यास १९३७ पूर्वीच्या लाओ शे यांनी नकार दिला होता. त्या कथांचे बळ त्या नकारात आहे.

युद्धकाळाचा आढावा येथे थोडक्यात घेणे पुरे. नोव्हेंबर १९३७ मध्ये पत्नी आणि तीन मुलांना चिनानमध्ये मागे ठेवून ते निघाले, १९३८ मध्ये वूहान येथे स्थापन झालेल्या लेखक-कलावंतांच्या प्रतिकारसंघाचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि पुढे छोंगछिंगमध्ये राहिले. १९४२ मध्ये जपानव्याप्त बीजिंगमध्ये आई वारली. अखेरच्या काळात ते तिच्याजवळ नव्हते. १९४६ मध्ये ते अमेरिकेस गेले, १९४९ अखेर परतले, १९५१ मध्ये बीजिंगच्या नगरशासनाने त्यांना ‘लोककलावंत’ ही पदवी दिली. १९५७ मधील ‘चहाघर’ हे नाटक त्यांच्या उत्तरायुष्यातील निर्विवाद श्रेष्ठ कृती होय. १९६०-७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘लाल ध्वजाखाली’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी हाती घेतली आणि तिचा प्रारंभ आपल्या जन्माच्या त्या थंड रात्रीपासून केला. अकरा प्रकरणांनंतर ती थांबली. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, ती प्रकाशात आली.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी लाल रक्षकांनी इतर लेखक-कलावंतांसमवेत त्यांना कन्फ्यूशिअसच्या मंदिरात नेऊन मारहाण केली. तेथून परत आणल्यावर पुन्हा मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी ते घरातून बाहेर पडले, ताइपिंग सरोवराच्या काठी जाऊन बसले आणि रात्री पाण्यात त्यांचा अंत झाला. आईचे अखेरच्या वर्षांतील घर या सरोवरापासून फार दूर नव्हते, हे त्यांच्या मुलाने नंतर दाखवून दिले. ते सरोवरही पुढे भुयारी रेल्वेच्या कामासाठी बुजवण्यात आले. देहाची राख कुटुंबाला मिळाली नाही. जून १९७८ मध्ये त्यांची प्रतिष्ठा विधिवत पुन्हा बहाल झाली, तेव्हा अस्थींच्या पेटीत चष्मा, लेखणी, कुंचला आणि थोडी मोगऱ्याच्या वासाची चहापत्ती ठेवण्यात आली.