सर विल्यम मॅक्यूएन : मेंदूतला पू ओळखणारे डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, डोकं सारखं दुखतं, उलट्या होतात, झटके येतात. मेंदूत पू झाला तरी असं होतं आणि मेंदूत गाठ वाढली तरी असंच होतं. मग ओळखायचं कसं? आज एमआरआय आहे. पण एक्स-रेचाही शोध लागला नव्हता, तेव्हा हे कोडं सोडवणाऱ्या एका डॉक्टरांची आज ओळख करून घेऊ.

विल्यम मॅक्यूएन यांचा जन्म २२ जून १८४८ रोजी स्कॉटलंडमधील ब्यूट बेटावर झाला. ग्लासगो विद्यापीठात ते डॉक्टर झाले. जखमेत जंतू जाऊ द्यायचे नाहीत, हा धडा त्यांनी जोसेफ लिस्टर यांच्याकडून घेतला.

१८७६ मध्ये त्यांच्याकडे ११ वर्षांचा एक मुलगा आला. शरीराच्या उजव्या बाजूला झटके येत होते, बोलणं बंद झालं होतं. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यावरून डाव्या बाजूला पुढे पू साठलाय, असं मॅक्यूएन यांनी सांगितलं. शस्त्रक्रियेला घरच्यांनी नकार दिला. मुलगा गेला. नंतर तपासलं, तर पू अगदी त्याच जागी निघाला!

१८७९ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ त्यांनी काढली. ती पुढे ८ वर्षं जगली.

पू की गाठ, हे ठरवताना ते आधी मागची हकिकत बघत. कान बरेच दिवस वाहतोय का? डोक्याला जखम झाली होती का? असेल तर पू असण्याची शक्यता जास्त. त्रास किती दिवसांत वाढला? पू बहुधा झपाट्याने वाढतो, गाठ बऱ्याचदा हळूहळू. आणि ताप नाही म्हणजे पू नाही, असं मात्र समजायचं नाही. मेंदूत पू असूनही अंग गार असू शकतं, हे त्यांनी नोंदवून ठेवलं.

१८९३ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. मेंदूतल्या पूसाठी शस्त्रक्रिया केलेल्या १९ पैकी १८ रुग्ण वाचल्याची नोंद त्यांनी केली. तेव्हा प्रतिजैविकंही नव्हती बरं का!

२२ मार्च १९२४ रोजी त्यांचं निधन झाले.

मित्रांनो, यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. कान वाहत असेल तर तेल घालून गप्प बसू नका. घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.