वैमानिक सेंत-एक्झुपेरी

काळोख्या रात्रीं विमान वाट कशी काढतें? वादळ समोर आलें असतां वैमानिक काय करतो? सामान्य जनांच्या मनांतील अशा प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें आपल्या ग्रंथांतून दिलीं, तो वैमानिक म्हणजे आंत्वान द सेंत-एक्झुपेरी होय.

त्याचा जन्म फ्रान्समधील लियों शहरीं २९ जून १९०० रोजीं झाला. बालपणींच तो पितृछत्रास मुकला. १९२६ सालीं तुलूझ येथील टपालविमानांच्या कंपनींत तो रुजू झाला. तेथें नवख्या वैमानिकास आधीं कारखान्यांत इंजिनें साफ करावीं लागत. पुढें सहारा वाळवंटाच्या कांठीं केप जुबी येथील विमानतळाचा तो प्रमुख झाला व संकटांत सांपडलेल्या सोबत्यांना त्यानें सोडवून आणिलें.

१९२९ सालीं तो ब्वेनोस आयरेस येथें गेला. दिवसा आगगाडीवर मिळविलेली आघाडी रात्रीं थांबल्यानें वाया जाई. म्हणून टपालविमानें रात्रींही उडूं लागलीं होतीं. त्यांतील जोखीम व जबाबदारी त्यानें १९३१ च्या एका कादंबरींत वर्णिली. १९३५ च्या अखेरीस त्याचें विमान लिबियाच्या वाळवंटांत कोसळलें. तहानेनें व्याकुळ झालेल्या त्यास व त्याच्या यांत्रिकास एका अरबानें जीवदान दिलें.

३१ जुलै १९४४ रोजीं तो युद्धकार्यार्थ कॉर्सिका बेटावरून उडाला, तो परतलाच नाहीं. मार्सेयजवळच्या समुद्रांत मिळालेले अवशेष त्याच्याच विमानाचे असल्याचें २००४ सालीं निश्चित झालें. परक्याचें पत्र वेळेवर पोंचविण्यासाठीं प्राण पणास लावणाऱ्यांचें जीवन त्यानें जगास समजावून दिलें, हेंच त्याचें खरें स्मारक होय.