सरनोबत प्रतापराव आणि महाराजांची ताकीद

नेसरीची खिंड म्हटली की आपल्या सर्वांना कुसुमाग्रजांची कविता आणि लताबाईंचा स्वर आठवतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात ते गाणे झाले नाही असा गणेशोत्सव मला तरी आठवत नाही. पण गाण्यात येतो तो प्रतापरावांच्या आयुष्याचा शेवटचा घटकाभराचा भाग. त्याआधीची आठ वर्षे, आणि विशेषतः अखेरचे दहा महिने, फारसे कोणी सांगत नाही. मला कुतूहल आहे ते त्या दहा महिन्यांचे. फौजेत पंचवीस वर्षे काढल्यामुळे असेल, पण हाताखालचा अधिकारी चुकला तर त्याला सांगावे कसे, हा प्रश्न मला कधी टळला नाही. सांगितले नाही तर शिस्त बिघडते, आणि जास्त सांगितले तर माणूस बिघडतो.

प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी गुजर. गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले भोसरे. प्रतापराव हा महाराजांनी दिलेला किताब. तो मिळाला सरनोबतीबरोबर, १६६६ साली, आणि सरनोबती मिळाली ती दुसऱ्याच्या चुकीतून. त्या वर्षी जानेवारीत महाराजांनी पन्हाळ्यावर रात्रीचा हल्ला केला. सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत. हल्ला फसला, सुमारे हजार माणूस कापले गेले. महाराजांनी नेताजींना दूर केले. प्रतिशिवाजी म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस आधी विजापूरकरांकडे आणि मग मिर्झा राजांकडे गेला. आग्र्याहून महाराज निसटल्यावर औरंगजेबाने त्याला कैद करून बाटवले आणि काबूलकडे पाठवून दिले. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, नेताजी परत आले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून पदरी घेतले हे खरे, पण मधली दहा वर्षे स्वराज्याने एक मोठा सेनानी गमावला होता. प्रतापराव बसले ते या गादीवर. ती किती गरम आहे हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

मोगलांशी तह झाल्यावर संभाजीराजांच्या मनसबीची फौज औरंगाबादेस शहाजादा मुअज्जमकडे ठेवावी लागली. तिच्याबरोबर प्रतापराव आणि निराजी रावजी होते. १६६९ च्या अखेरीस बादशहाचा बेत फिरल्याची कुणकुण लागताच ती फौज सुखरूप घेऊन प्रतापराव घरी आले. परमुलखात, शत्रूच्या तळावर दोन वर्षे राहून माणसे आणि घोडी राखणे हे एखादी लढाई जिंकण्याइतकेच कठीण. पुढे १६७० ची सुरतेची दुसरी लूट, कारंज्याची स्वारी आणि १६७२ मधले साल्हेर. साल्हेरला एका बाजूने प्रतापराव आणि दुसऱ्या बाजूने मोरोपंत पेशवे असे चालून गेले आणि इखलासखानाच्या फौजेचा उघड्या मैदानावर पराभव झाला. मराठे फक्त डोंगरात लढतात, हा समज त्या दिवशी मोडला.

आता मुख्य विषयाकडे येतो. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत घ्यायला विजापूरचा बहलोलखान निघाला. महाराजांनी त्याला वाटेतच गाठून बुडवण्यासाठी प्रतापरावांना पाठवले. जतजवळ उमराणी येथे प्रतापरावांनी आधी पाणी ताब्यात घेतले. एप्रिलचा उन्हाळा, त्या भागातली जमीन, आणि खानाच्या हत्ती-घोड्यांना पाण्याचा थेंब नाही. दिवसभर तुंबळ लढाई झाली. जयराम पिंड्ये यांच्या ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ या संस्कृत काव्यात तिचे वर्णन आहे. शेवटी खान गयावया करू लागला आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली.

त्यांनी असे का केले? तहानेने तडफडणाऱ्या सैन्याची दया आली असेल, किंवा शरण आलेल्याला मारू नये हा क्षत्रियधर्म आडवा आला असेल. माणूस म्हणून मला त्यात दोष दिसत नाही. सेनापती म्हणून मात्र दिसतो. शत्रूला सोडणे किंवा धरणे ही राजकारणाची बाब होती, आणि ती ठरवण्याचा अधिकार रायगडावर होता, उमराणीच्या पाणवठ्यावर नव्हता. हुकूम बुडवण्याचा होता, सल्ला करण्याचा नव्हता. शिवाय खान शब्द पाळणाऱ्यांपैकी नव्हता. काही महिन्यांतच तो पुन्हा मुलखात धुमाकूळ घालू लागला.

महाराजांनी आधी विचारणा केली की सल्ला कोणत्या कारणाने केला. त्यानंतर प्रतापरावांनी कर्नाटकात मुसंडी मारून हुबळी लुटली. चुकलेला अधिकारी पुढच्या कामात दुप्पट जोर लावतो, तसे ते असावे, असा माझा आपला अंदाज. पण हुबळीने बहलोलखानाचा हिशेब फिटत नव्हता. खान पुन्हा आल्यावर ताकीद गेली की त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर आम्हाला तोंड दाखवू नका. जिंजीस राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या सभासद बखरीत याचा आशय आलेला आहे.

याच सुमाराचे महाराजांचे दुसरे एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले. जुमलेदार म्हणजे पाच हवालदारांवरचा, सव्वाशे घोड्यांचा अधिकारी. आजच्या हिशेबाने ज्युनियरच म्हणायचा. तक्रार साधीच होती, दाणागोटा आणि वैरण बेहिशेबी उडवली जात होती. त्यावर महाराज शिवीगाळ करत नाहीत, कारण समजावून सांगतात. आता उधळलेत तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याकडून दाणा, भाकरी, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडू लागाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे. आगटी भलत्या जागी पेटवू नये, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात नेऊन गंजीला आग लावील, इथपर्यंत त्यांचे लक्ष आहे. जे ऐकणार नाहीत त्यांची अब्रू राहणार नाही, हेही शेवटी आहेच. पण शिक्षा शेवटी, कारण आधी. हे पत्र प्रत्येक सैनिकी विद्यालयात शिकवले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

मग सरनोबताला असे का समजावले नाही? मला वाटते, जुमलेदाराला कारण सांगावे लागते. सरनोबताला ते माहीत असते, हे महाराजांनी गृहीत धरले. त्यात चूक नव्हती. मात्र तोंड दाखवू नका हे शब्द मानी माणसाला परतीची वाट ठेवत नाहीत. ज्याने नेताजींचे काय झाले ते पाहिले होते त्याला तर नाहीच. ताकीद योग्य होती, अवश्य होती. पण ती ज्याला दिली त्याचा स्वभाव जमेस धरला गेला नाही, असे मला नम्रपणे वाटते. काही वाचकांना हे रुचणार नाही याची कल्पना आहे.

२४ फेब्रुवारी १६७४, माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. गडहिंग्लज भागात नेसरीजवळ दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेवर खानाची फौज असल्याचे प्रतापरावांना कळले. मागे मोठे सैन्य होते. ते येईपर्यंत थांबणे हे सेनापतीचे काम, आणि साल्हेरचा, उमराणीचा हा सेनापती ते जाणत नव्हता असे कोण म्हणेल? तरी ते सहा स्वारांसह घुसले आणि सातही जण पडले. सहा घोडेस्वारांचा हा तपशील त्या वर्षीच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारातही आहे, म्हणजे ही केवळ शाहिरांची अतिशयोक्ती नव्हे. उमराणीला त्यांनी हुकुमापेक्षा कमी केले आणि नेसरीला हुकुमापेक्षा जास्त. खानाला बुडवा असे सांगितले होते, स्वतः बुडा असे नव्हे.

बातमी ऐकून महाराजांना फार दुःख झाले. विस्कळीत झालेले सैन्य आनंदराव मकाजी यांनी सावरले. महाराज चिपळूणला गेले, लष्कराची पाहणी केली आणि हंसाजी मोहिते यांना हंबीरराव किताब देऊन सरनोबत केले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सेनापती म्हणून हंबीरराव उभे होते. प्रतापराव आणखी साडेतीन महिने जगते तर ती जागा त्यांची होती.

महाराजांनी मात्र गुजरांचे घर विसरले नाही. मार्च १६८० मध्ये, स्वतःच्या निधनाच्या अवघे काही आठवडे आधी, त्यांनी धाकट्या राजारामांचे लग्न लावले. वधू होती प्रतापरावांची मुलगी, जानकीबाई.